सिग्नलचं पथ्य

"या घरात मला चार पाय असते, तर माझ्याही ताटात कोंबडी पडली असती," चांसा शेगडीपाशी पुटपुटली. पुटपुटली म्हणजे वहिनीला नेमकं ऐकू जाईल, एवढ्या बेतानं.

बुपेनं मान वर केली नाही. उकडलेल्या कोंबडीच्या तुकड्यावरचं कातडं ती नखानं सोलत होती. सोललेलं कातडं तिनं बशीत ठेवलं आणि बशी नणंदेकडे सरकवली.

"घे. तुला आवडतं ना."

"म्हणजे कुत्र्याचं उष्टं."

"त्यानं अजून तोंडसुद्धा लावलं नाही. आधीच उष्टं कसं होईल?"

चांसानं कातडं खाल्लं. खाताना तोंड वाकडं ठेवलं, म्हणजे हरकत नोंदलेली राहावी. ती बुपेच्या नवऱ्याची, काबासोची, धाकटी बहीण. आठ वर्षांपूर्वी नवरा गेल्यावर दोन गाठोडी आणि एक रेडिओ घेऊन म्पिकाच्या रेल्वे वसाहतीतल्या या घरी आली, आणि भाऊ गेला तरी इथंच राहिली. दोघी विधवा, एक शेगडी आणि एक कुत्रा. कुत्र्याचं नाव सिग्नल. ते काबासोनं ठेवलेलं. पिल्लू असताना म्हणे ते, तो कामाला होता त्या रेल्वे कारखान्याच्या फाटकाशी एक पाय वर करून उभं होतं.

बुपेनं एकतीस वर्षं मुलींच्या निवासी शाळेत स्वयंपाक केला होता. सहाशे मुलींची न्शिमा, वल्ह्याएवढ्या लाकडी उलथण्यानं घाटलेली. मक्याचं पीठ किती, पाणी किती, हे तिनं कधी मोजलं नाही. पाण्याच्या आवाजावरून कळायचं. आणि आता एका कुत्र्याच्या जेवणाला ती कप घेऊन बसे. पाऊण कप मऊ शिजवलेला भात, अर्धा कप बिनकातड्याची कोंबडी, दोन चमचे लाल भोपळा, एक चमचा उकडून ठेचलेली कोवळी पालेभाजी आणि डॉक्टरनं दिलेल्या पांढऱ्या भुकटीची एक चिमूट. दिवसातून तीनदा, थोडं थोडं. कांदा नाही, तेल नाही, हाडं नाहीत, पातेल्याची खरवड नाही. आणि शेंगदाणे मुळीच नाहीत. 'मुळीच' या शब्दाखाली डॉक्टर सिमुकोंडानं दोन रेघा ओढल्या होत्या. तो कागद बुपेनं खिडकीशेजारी खिळ्याला टांगला होता.

ही डॉक्टर म्हणजे जनावरांच्या सरकारी दवाखान्यात नव्यानं आलेली, गळ्यात चष्मा लटकवणारी मुलगी. एप्रिलात सिग्नल पहिल्यांदा आजारी पडला तेव्हा बुपेनं त्याला हातगाडीत घालून तिच्याकडे नेलं होतं. पुढचे पाय जमिनीला टेकायचे आणि मागचा भाग वर उचलायचा, प्रार्थनेला बसल्यासारखं, असा तो दिवसभर राही आणि ओकत राही. पोटातल्या एका ग्रंथीला सूज आलीय, असं डॉक्टर म्हणाली. तुपट-तेलकट त्याला विष आहे. पथ्य नीट पाळलंत तर हा अजून चार-पाच वर्षं जगेल. नुसती कोंबडी घालू नका, नुसता भातही घालू नका, सगळं थोडं थोडं पाहिजे, नाहीतर एक दुखणं जाईल आणि दुसरं येईल.

बुपेला हे पटलं. शाळेत तरी दुसरं काय केलं होतं तिनं? एकवीस दिवसांत सिग्नलचं अंग भरलं, केस चमकायला लागले. नळावरच्या बायका म्हणायला लागल्या की हा कुत्रा आता आमच्या घरधन्यापेक्षा तरणा दिसतो.

आणि जूनच्या पहिल्या आठवड्यात त्यानं पुन्हा पुढचे पाय जमिनीला टेकले.

या खेपेला डॉक्टरनं आवाज चढवला नाही, त्यामुळे बुपे जास्त घाबरली. कुणीतरी याला बाहेर खायला घालतंय, डॉक्टर म्हणाली. ते शोधून काढा आणि सांगा त्यांना. तिसऱ्यांदा असं झालं तर माझ्या हातात काही राहणार नाही.

"चोरून घालणारा माणूस दुष्ट असतो असं नाही, आजी," ती हात धुता धुता म्हणाली. "बहुतेक वेळा माया असते. एकदा बोललात की संपलं."

पोरगी परगावची होती. या वसाहतीत काय बोलून संपतं आणि काय बोलल्यानं सुरू होतं, हे तिला ठाऊक असायचं कारण नव्हतं.

आणि शोधण्यासारखं तरी काय होतं? सिग्नल दुपारी चारला परतला की बुपे त्याच्या तोंडावरून ओलं फडकं फिरवी. आजारपणाच्या आदल्या दिवशी त्या फडक्याला वास आला होता. भाजलेल्या दाण्याचं कूट आणि त्यात शिजलेली भोपळ्याची पानं. एकतीस वर्षं चुलीपुढे काढलेल्या बाईला भाजी नाकानं ओळखता येते. पानांच्या शिरा नीट काढलेल्या होत्या आणि कूट भरडच ठेवलेलं होतं, एवढंसुद्धा तिला त्या वासात कळलं. तिनं फडकं धुतलं. मग पुन्हा धुतलं.

तिच्या घरात अठरा वर्षं दाण्याचं कूट शिजलं नव्हतं.

अठरा वर्षांपूर्वी एका संध्याकाळी काबासोनं ताट बाजूला सारलं होतं आणि तो म्हणाला होता, "बुपे, दाण्यानं छातीत जळतं गं हल्ली. नको करत जाऊस." एवढंच. भांडण नाही, काही नाही. बुपेला स्वतःला दाण्यातली भाजी जिवापाड आवडे. पण एका घरात दोन भाज्या कशाला, म्हणून तिनंही सोडली. दुसऱ्यांच्या लग्नाकार्यात ती भाजी वाढली गेली तरी बुपे ताटाच्या कडेला सारी. नवऱ्याला सोसत नाही ते आपण कसं खावं, असं तेव्हा तिला वाटलं होतं.

त्याच वर्षापासून कारखान्याचा भोंगा दोनला व्हायचा आणि काबासो चारला घरी यायचा.

कारखाना ते घर म्हणजे पावशेर दाणे चघळून व्हायच्या आत संपणारं अंतर. भोंगा सगळ्या वसाहतीला ऐकू यायचा. शेजारचे पुरुष सव्वादोनला अंगणात बूट काढायचे. चारला काबासो यायचा, शेवटच्या काही वर्षांत सिग्नलही मागोमाग, आणि दोघंही ताटावर बसल्यावर थोडंसंच खायचे. पहिल्या वर्षी बुपेनं विचारलं होतं. जादा काम, तो म्हणाला. मग तिनं पुन्हा विचारलं नाही. नळावर कुणी विचारलं तर ती स्वतःच सांगायची, जादा काम असतं त्यांना. बायका म्हणायच्या, हो ना, कारखान्यात फार काम. तुझ्या मवापेचे वडील मेहनती. सगळ्या मिळून ते वाक्य असं सांभाळायच्या, जशी भरलेली घागर एकीच्या डोक्यावरून दुसरीच्या डोक्यावर द्यावी.

रुळांच्या पलीकडे, फाटक ओलांडलं की उजव्या हाताला, पपईच्या झाडाचं घर. तिथं मलामा राहायची. स्टेशनवर गाडी असेल त्या दिवशी तळलेले गोड गोळे विकायची, नसेल त्या दिवशी शिवण शिवायची. पन्नाशीला टेकलेली. तिला मूल नव्हतं, म्हणून तिला कुणाची आई म्हणून हाक मारायची सोय नव्हती. बुपेला सगळी वसाहत बाना मवापे म्हणे, मवापेची आई. ती मात्र नुसती मलामा. बुपेला कितीतरी वर्षं या गोष्टीचं बरं वाटत आलं होतं. असं बरं वाटणं चांगलं नाही हेही तिला कळे, आणि तरी ते वाटे.

चौदा महिन्यांपूर्वी काबासो गेला, तेव्हा मलामा आली होती. घरात बायका जमिनीवर बसून रडत होत्या, त्यांच्यात ती आली नाही. मागच्या अंगणात मोठाली पातेली चढली होती, तिथं जाऊन तिनं उलथणं हातात घेतलं आणि तीन दिवस आलेल्या-गेलेल्यांसाठी न्शिमा घाटली. कुणी तिला ये म्हटलं नाही, कुणी जा म्हटलं नाही. बुपेच्या पुढ्यात जे ताट आलं, ते त्याच पातेल्यातलं. सोबतच्या भाजीत मीठ बरोबर होतं. दुःखात माणसाला चव लागत नाही म्हणतात. बुपेला लागली. मीठ जरासं जरी चुकलं असतं, तर तिला त्या तीन दिवसांत टेकायला काहीतरी मिळालं असतं.

काबासो गेला, पण सिग्नलनं वेळ सोडली नाही. रोज दोनचा भोंगा झाला की अंग झाडायचा, कुंपणाच्या फटीतून निघायचा. चारला परत.

डॉक्टरकडून आल्यावर चांसा म्हणाली, बांधून ठेव त्याला. तोंडातून शब्द निघताच ती शेगडीची राख काढायला वळली, म्हणजे कुणीकडे जातो म्हणून बांधायचा, हा प्रश्न येऊ नये.

बुपेनं त्याला आंब्याच्या झाडाला बांधलं. दोनचा भोंगा झाला. सिग्नल उठला, दोरी ताणेपर्यंत गेला आणि तिथंच बसला, फाटकाकडे तोंड करून. भुंकला नाही. चारपर्यंत तसाच बसून राहिला. संध्याकाळी पाऊण कप भात, अर्धा कप कोंबडी, दोन चमचे भोपळा, सगळं मापात त्याच्यापुढे ठेवलं. त्यानं हुंगलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. तिसऱ्या दिवशी त्याच्या बरगड्या मोजता यायला लागल्या.

"हातानं भरव," चांसा म्हणाली.

बुपेनं हातानं भरवलं. त्यानं तिच्याकडे पाहिलं. त्या पाहण्यात राग नव्हता, तिची कीव होती असं तिला वाटलं, आणि तिच्या अंगाचा तिळपापड झाला. माझ्या हातचं खायला तुला तिथं जाऊन यावं लागतं होय? तोही असाच. तिथं जाऊन आला की माझ्याकडे गोड बोलायचा. कोपऱ्यात पडलेलं स्टूल तिनं पायानं ढकललं. रुळांखालच्या जुन्या लाकडातून काबासोनं ते केलं होतं. दोन कर, एकावर तू बसशील, एकावर मी, असं तिनं सांगितलं होतं. लाकूड एकाचंच होतं, तो म्हणाला होता.

चौथ्या दिवशी सकाळी तिनं चार लहान पातेली घासली. एकात भात, एकात कोंबडी, एकात भोपळा, एकात पालेभाजी. सगळ्यांवर झाकणं. मोठ्या घमेल्यात ती बसवली आणि वरून बांधायला नवं चितेंगे काढलं, लाल कमळांचं, जे ती फक्त चर्चला जाताना कमरेला गुंडाळायची.

चांसा दारात उभी राहून पाहत होती. आधी कुत्र्याकडे, मग चार झाकणांकडे, मग त्या कापडाकडे. तिला कळायला वेळ लागला नाही. मवापेच्या लग्नाआधी, मुलाकडच्यांना चूल दाखवायच्या विधीला, आत्या म्हणून तिनंच बावीस पातेल्यांची झाकणं उघडली होती. आमच्याकडे जावयाला सासरी काही खाता येत नाही, जोवर मुलीकडच्या बायका सगळं रांधून, डोक्यावरून वाहून नेत नाहीत आणि एकेक झाकण उचलून सांगत नाहीत की हे तुझ्यासाठी, हे तू आमच्या घरी खाऊ शकतोस. दाखवल्याशिवाय खाल्लं तर तो अपमान असतो.

बुपे म्हणाली, नुसतं सांगायला जाते आहे. कुत्र्याचं पथ्य.

चांसा पुढे आली, कापडाची गाठ सोडली आणि पुन्हा बांधली, तशी, जशी त्या दिवशी बांधतात, चारही टोकं वर आणि मध्ये कमळ.

"झाकणं एकेक उघड, वहिनी," ती म्हणाली. "सगळी एकदम उघडलीस तर ते नुसतं डबा पोचवणं होईल."

दोनचा भोंगा झाला. बुपेनं दोरी सोडली.

घमेलं डोक्यावर घेऊन ती निघाली. सिग्नल पुढे, ती मागे. नळावर पाच बायका होत्या. त्यांनी कापड पाहिलं, गाठ पाहिली, कुत्रा कुणीकडे वळला ते पाहिलं. नळ वाहत राहिला, कुणाची बादली भरून सांडली तरी कुणी हात पुढे केला नाही. बुपेनं सगळ्यांना नमस्कार केला, सगळ्यांनी तिला केला. फाटकातून जाताना तिच्या मनात आलं की सतरा वर्षं हाच रस्ता त्याच्या पायांखाली होता, आणि तो इतका जवळ होता. निदान लांब तरी असता.

मलामा दारात काहीतरी टाचत बसली होती. कुत्रा दिसताच तिचा चेहरा उजळला, आणि त्याच्यामागे कोण आहे ते दिसताच विझला. ती उठली. शिवण खाली पडलं. आमच्याकडे मोठ्या बाईपुढे टेकतात तसे तिनं अंगणातल्या मातीतच गुडघे टेकले आणि टाळ्या वाजवून नमस्कार केला.

"या, बाना मवापे."

बुपेला हे नको होतं. उभ्या उभ्या, वरच्या आवाजात सांगून परतायचं तिनं ठरवलं होतं. पण डोक्यावर घमेलं घेऊन कुणाला वरच्या आवाजात बोलता येत नाही. मलामानं ते उतरवायला हात दिला. मग बसायला आतून स्टूल आणलं.

रुळांखालच्या लाकडाचं. तेच पाय, तीच आडवी पट्टी, तसेच खिळे बाजूनं मारलेले.

बुपे त्याच्यावर बसली. ते जराही डुगडुगलं नाही. घरचं डुगडुगायचं.

झाडाखाली निळ्या काठाची थाळी होती, पालथी घातलेली, घासलेली. सिग्नल तिच्यापाशी जाऊन बसला. मलामा घाईघाईनं बोलायला लागली. कुत्रा आपलं येतो, दार उघडं असतं, फाटकाजवळचं घर, सगळीच कुत्री येतात. तीन दिवस आला नाही म्हणून मला वाटलं... काय वाटलं ते तिनं सांगितलं नाही. आतून दाण्याच्या कुटाचा वास येत होता. बुपेच्या तोंडाला पाणी सुटलं आणि तिला स्वतःचीच लाज वाटली.

तिनं गाठ सोडली. पहिलं झाकण उचललं.

"हा भात. मऊ शिजवायचा, बोटानं चिरडला पाहिजे. हे तो खाऊ शकतो."

मलामा पुढे बोलायची थांबली. तिनं झाकणाकडे पाहिलं, कापडाकडे पाहिलं. हात आपोआप मांडीवर जुळले, जसे त्या दिवशी ऐकणाऱ्यांचे जुळतात.

"ही कोंबडी. कातडं काढून. पहिलं पाणी ओतून टाकायचं, त्याच्यावर तरंगतं ते त्याला विष आहे. हे तो खाऊ शकतो."

तिसरं झाकण. भोपळा. चौथं, पालेभाजी, शिरा काढलेली. शिरा काढायला तुला सांगायला नको, असं बुपेच्या तोंडून निघून गेलं.

"दाणे नाहीत," बुपे म्हणाली. "एकसुद्धा नाही. पुन्हा दुखणं उलटलं तर तो जाईल. डॉक्टरनं सांगितलंय."

मलामाचा हात तोंडावर गेला. "मी मारलं असतं त्याला."

"माहीत नव्हतं तुला."

"त्याला आवडतात म्हणून मी..." ती थांबली. कुणाला आवडतात, हे दोघींच्या मधोमध मातीत पडून राहिलं, आणि दोघींनी त्याच्याकडे पाहायचं टाळलं.

मलामानं थाळी उलटली, धुतली. बुपेनं मापानं वाढलं. सिग्नल उठला, त्यानं हुंगलं, आणि तीन दिवसांनी पहिल्यांदा तो जेवला. सगळं संपवलं, थाळी जिभेनं पार झाडापर्यंत ढकलत नेली. दोघी त्याच्याकडे अशा बघत होत्या, जशा आया पंगतीत फक्त स्वतःच्या पोराकडे बघतात.

मग तो सावलीत आडवा झाला. आता निघावं, असं बुपेला दोनदा वाटलं. मलामा आत गेली आणि पाणी घेऊन आली. मग पुन्हा आत गेली, आणि एका वाटीत भाजी घेऊन आली, भोपळ्याच्या पानांची, दाण्याच्या भरड कुटातली. हे तुम्हाला चालत असेल तर, ती म्हणाली.

बुपेनं वाटी घेतली. बोटानं थोडं उचललं. अठरा वर्षांनी. मीठ बरोबर होतं. तिनं सगळी वाटी संपवली, कडेला काही सारलं नाही.

मलामानं शिवण उचललं, पण सुई घातली नाही. लांबून कुठूनतरी मालगाडी आली आणि गेली. पपईची सावली भिंतीवर चढली. घड्याळ त्या घरात कुठं दिसत नव्हतं.

सिग्नल उठला. आधी पुढचे पाय ताणले, मग मागचे, दुखणं नसलेल्या कुत्र्यासारखे. अंग झाडलं. मलामाच्या गुडघ्याला एकदा नाक लावलं आणि अंगणाच्या तोंडाशी जाऊन उभा राहिला, घराकडे तोंड करून, मागं न बघता.

"चार झाले," मलामा म्हणाली.

बुपेनं पातेली गोळा करायला घेतली. मलामानं तिच्या हातातलं झाकण घेतलं, पण ते पातेल्यावर ठेवलं नाही. ती कुत्र्याकडेच पाहत होती.

"तेपण असेच उठायचे, बाना मवापे," ती म्हणाली. "ताटात भाजी राहिली तरी. मी रोज काहीतरी नवं रांधून बघायचे. सतरा वर्षांत एकदासुद्धा मला त्यांचे सव्वाचार करता आले नाहीत."